कापसाचा भाव आणि माणसाचा भाव

१८६१ साली अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, दक्षिणेकडील बंदरांची नाकेबंदी झाली आणि लँकेशायरच्या गिरण्यांची दृष्टी हिंदुस्थानाकडे वळली. कापसाचे भाव कडाडले; जळगाव ही मोठी पेठ बनली. १८६५ मध्ये युद्ध संपताच भाव कोसळले व त्याच पेठेला जबर तडाखा बसला. ही तेजीमंदी खानदेशाच्या इतिहासात नोंदलेली आहे. परंतु तेजीपूर्वी इंग्लंडला स्वस्त कापूस कोणाच्या श्रमाने मिळत होता, हा प्रश्न आपण क्वचितच विचारतो.

तो मिळत होता गुलामांच्या श्रमाने. १८६० साली अमेरिकेत त्यांची संख्या चाळीस लाखांच्या घरात होती. सुमारे साडेतीन शतकांत सव्वा कोटी आफ्रिकी माणसे अटलांटिकपार जाणाऱ्या जहाजांवर चढविली गेली. त्यांपैकी सुमारे अठरा लक्ष वाटेतच मरण पावली. कापड व बंदुका देऊन माणसे घ्यावीत, माणसे विकून साखर आणावी, असा तो व्यापार होता. १७८१ साली ‘झाँग’ जहाजावरून शंभराहून अधिक जिवंत माणसे समुद्रात फेकण्यात आली. त्यावर खटला झाला तो खुनाचा नव्हे, विम्याच्या भरपाईचा! १८३३ च्या कायद्याने ब्रिटनने आपल्या वसाहतींतील गुलामगिरी रद्द केली, तेव्हाही दोन कोटी पौंडांची भरपाई मिळाली ती मालकांना. गुलामांना कवडीही नाही. हे क्रौर्य संतापाच्या भरात घडलेले नव्हते. ते खतावणीत रीतसर मांडलेले होते.

महात्मा फुल्यांनी १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकनांस अर्पण केला, तो दूरदेशीचे कौतुक म्हणून नव्हे. त्यांना त्यात आपल्याच समाजाचे प्रतिबिंब दिसले होते. ते आपणही पाहावे. आखाजीला साल ठरविणारा सालदार गुलाम नव्हे, हे खरे. वेठबिगारीही १९७६ च्या कायद्याने रद्द झालेली आहे. तथापि उचल फिटेपर्यंत ज्याला काम सोडण्याची सोय नाही, त्याच्या स्वातंत्र्याचा अर्थ काय? उचलीचा हिशेब लेखी व मजुरासमक्ष व्हावा, मजुरी किमान वेतनाखाली जाऊ नये, आणि देणे बाकी आहे म्हणून कोणासही अडवून ठेवू नये, एवढे तरी जळगाव-धुळ्याच्या सुशिक्षितांनी आग्रहाने मागितले पाहिजे. कापसाचा भाव रोज विचारणाऱ्या प्रांताने तो वेचणाऱ्या हातांचा हिशेब विचारण्यास कचरू नये.