30 पैकी 29, आणि पिपेट कधी हातातच धरली नाही

मंडळी, बारावीचा निकाल लागला की आपल्या वाडीत पेढ्यांना काय तोटा? मागं गल्लीतल्या एका पोरानं असेच पेढे आणून दिले. रसायनशास्त्राच्या प्रॅक्टिकलला 30 पैकी 29. मीही पाठ थोपटली. पोरगं पुढं बीएस्सीला गेलं. दिवाळीत भेटलं तर म्हणालं, "काका, पहिल्याच प्रॅक्टिकलला ब्यूरेटचा कॉक उघडा ठेवून वरनं ॲसिड ओतलं. टेबलावर सांडलं, पायावर आलं. पातळ होतं म्हणून निभावलं."

मी विचारलं, बारावीला टायट्रेशन केलं नव्हतंस? पोरगं हसायलाच लागलं. "केलं होतं की, जर्नलमध्ये. सरांनी रीडिंग फळ्यावर लिहिली, आम्ही उतरून घेतली."

त्या कॉलेजचं नाव मी लिहिणार नाही. एक नाव लिहिलं की बाकीचे सुटतात. तुमच्या घरात सायन्सचं पोरगं असेल तर आज जेवताना विचारा, वर्षभरात लॅबमध्ये किती वेळा गेलास? उत्तर ऐकून घास हातात राहील.

हिशेब साधा आहे. बारावी रसायनशास्त्राला लेखी 70 आणि प्रॅक्टिकल 30 गुण. लेखीचे गुण मिळवावे लागतात, प्रॅक्टिकलचे बऱ्याच ठिकाणी वाटले जातात. नीट, जेईई, सीईटीला ब्यूरेट हातात धरायला कोण लावत नाही. मग पोरं कॉलेजात फक्त नावाला आणि दिवसभर क्लासला. या साटंलोट्याला आळा घालायला सरकारनं 2018 मध्ये काही विभागांतल्या सायन्सच्या ज्युनिअर कॉलेजांना बायोमेट्रिक हजेरी लावायला सांगितली. अंगठा हजर झाला म्हणून हात लॅबमध्ये पोचला असं होत नाही.

यावर शाळावाल्यांचं उत्तर ठरलेलं असतं. "कुलूप असलेलं बरं. एखाद्याला भाजलं तर पालक अंगावर येतात आणि तुम्ही पत्रकार बातमी लावता." यातलं आमच्या वाट्याचं मी मान्य करतो. अपघात झाला की चार कॉलम देतो, वर्षभर बंद असलेल्या लॅबची बातमी आम्ही करत नाही. पण कुलपानं धोका जात नाही. तो फक्त पुढं ढकलला जातो, अशा ठिकाणी, जिथं पोराच्या शेजारी सर उभे नसतात.

वाडीतल्या पोरांना पोहायला कसं शिकवतात? पाठीला डबा बांधून, थोरला माणूस घाटावर उभा राहून. नदीत माणसं बुडतात म्हणून घाटाला कुलूप लावलं असतं, तर नदीकाठच्या या गावात एकालाही पोहता आलं नसतं. लॅबचंही तेच आहे.

काय शिकवायचं असतं तिथं? सल्फ्युरिक ॲसिड पातळ करताना ॲसिड पाण्यात सोडायचं, हळूहळू, ढवळत. उलटं केलं तर इतकी उष्णता होते की वरचं पाणी उकळून ॲसिडसकट तोंडावर उडतं. पिपेट तोंडानं ओढायची नाही, त्याला रबरी फुगा मिळतो. टेस्टट्यूब तापवताना तिचं तोंड ना स्वतःकडं, ना शेजाऱ्याकडं. तडा गेलेला बीकर बर्नरवर ठेवायचा नाही. डोळ्यात काही उडालं तर चोळायचं नाही, किमान 15 मिनिटं वाहत्या पाण्यानं धुवायचं आणि मग दवाखाना. हे पाठ करून येत नाही. हाताला सवय लागावी लागते.

सॉल्ट ओळखताना हायड्रोजन सल्फाइड नावाचा वायू येतो, सडक्या अंड्याच्या वासाचा. त्याचं प्रमाण वाढलं की नाकाला वास येणंच बंद होतं आणि माणसाला वाटतं, गेला वायू. गटाराच्या मॅनहोलमध्ये उतरून माणसं मरतात, त्यामागं बऱ्याचदा हाच वायू असतो. आपली पोरं उद्या इचलकरंजीच्या प्रोसेसमध्ये, साखर कारखान्याच्या लॅबमध्ये कामाला लागणार. कॉस्टिक आणि ॲसिड तिथं रोजचंच. तिथं जर्नल कोण बघणार?

आणि हुशार माणसांना काही होत नाही, या भ्रमात राहू नका. 29 डिसेंबर 2009 ला ट्रॉम्बेच्या भाभा अणुसंशोधन केंद्रात रसायनांच्या प्रयोगशाळेला आग लागली आणि दोन तरुण संशोधक गेले. देशातल्या नावाजलेल्या संस्थेत हे घडू शकतं, तर कधी लॅब न बघितलेल्या पोराचं काय?

आता आपल्या तालुक्याचं. 2005, 2019, 2021. पाणी कुठवर आलं होतं हे इथं कोणाला सांगायला नको. दक्षिणद्वार झालं की आपण हात जोडतो, पुढं पाणी वाढलं की घरातलं सामान हलवतो. शाळेतलं ॲसिडचं कपाट कोण हलवतं? 2019 चं पाणी उतरल्यावर एका शाळेत गेलो होतो. बाटल्या चिखलात, लेबलं सगळी धुऊन गेलेली, आणि पोरं उघड्या हातानं त्या गोळा करत होती. बेरियम क्लोराइड दिसायला मिठासारखंच पांढरं, पण विषारी. सोडियम रॉकेलमध्ये बुडवून ठेवतात, कारण पाणी लागलं की ते पेट घेतं. बाटली फुटून पुराचं पाणी त्याला लागलं असतं तर? लेबल नसलेली बाटली हुंगून ओळखायची नसते. ती बाजूला काढून जाणत्या माणसाकडनं विल्हेवाट लावायची असते.

दोष एकट्या सरांचा नाही. डिसेंबर 2020 मध्ये सरकारनं अनुदानित शाळांमधली चतुर्थश्रेणीची पदं पुढं न भरता शिपाई भत्ता द्यायचं ठरवलं. लॅबमध्ये काच धुणारा, बाटल्या जागेवर ठेवणारा माणूस गेला, की एकटे सर पोरांच्या हाताकडं बघणार की बेसिनकडं?

म्हणून पुढच्या पालक सभेत फी आणि सहलीबरोबर एवढं विचारा. लॅब आठवड्यातनं किती वेळा उघडते? गॅसची नळी शेवटची कधी बदलली? प्रत्येक पोराला चष्मा आणि पिपेटचा फुगा आहे का? नळाला पाणी आहे का? पुराआधी रसायनं वरच्या मजल्यावर न्यायची जबाबदारी कोणाची, त्याचं नाव लिहून लावलंय का? यातल्या कशालाच लाखो रुपये लागत नाहीत.

माझ्या शेजारच्या पोराचा पाय वाचला, कारण ॲसिड पातळ होतं. 29 गुणांचा त्यात काही हात नव्हता. सरांवर राग काढायचा असेल तर फुकट गुण दिल्याबद्दल काढा, आणि आपणही ते पेढे वाटून खाल्ले हे विसरू नका.

शिक्षक मित्रांनो, माझं चुकत असेल तर कमेंटमध्ये सांगा. तुमची लॅब खरंच चालत असेल तर बोलवा. कॅमेरा घेऊन येतो, आणि ती बातमी पहिल्या पानावर लावायला संपादकांशी भांडतो.