लावणीखालचे नाव

मराठी ही आमचीही भाषा आहे, असे आपण प्रत्येक व्यासपीठावरून हक्काने सांगतो. पुरावा म्हणून श्रीगोंद्याच्या शेख महंमदांचे नाव घेतो, त्यांचा 'योगसंग्राम' सांगतो. ते योग्यच आहे. पण जेजुरीच्या सगनभाऊंचे नाव निघाले की आपला आवाज खाली का जातो?

सगनभाऊ मुसलमान. धंदा शिकलगाराचा, हत्यारांना धार लावण्याचा. पेशवाईच्या अखेरच्या काळात रामजोशी, होनाजी, प्रभाकर यांच्या बरोबरीने त्यांचे नाव गाजले ते शृंगारिक लावणीने. ती लिहिली जाई मोठ्या माणसांच्या करमणुकीसाठी, तमाशाच्या फडासाठी. आपली अडचण नेमकी हीच आहे. संत चालतो, लावणीकार चालत नाही.

आम्ही उर्दू शाळेत शिकवणारी माणसे. दाग देहलवीची गझल तवायफांच्या कोठ्यावर गायली गेली, तरी ती आपल्याला तहजीब वाटते. मग ढोलकीवरची लावणी तेवढी बेशरम कशी? फरक शृंगाराचा नाही, ऐकणाऱ्याच्या पायातल्या वहाणांचा आहे!

अश्लीलतेची वकिली आम्हाला करायची नाही. पण या धंद्याने लेखकाला जे शिकवले, ते आजच्या लिहिणाऱ्यानेही शिकण्यासारखे आहे. फडापुढचा श्रोता भिडेखातर बसत नाही. शब्द पोचला नाही तर उठून जातो. म्हणून भाषा त्याच्या तोंडची लागते. उघडे किती बोलावे आणि सूचक किती ठेवावे, याचे भान लागते. आणि सर्वांत मोठी गोष्ट म्हणजे, गझलेच्या मक्त्यात शायर तखल्लुस घालतो, तसा लावणीच्या शेवटी शाहीर आपले नाव घालतो. लिहिले ते माझे आहे, असे चारचौघांत कबूल करतो. आज मोबाइलवर फिरणाऱ्या गलिच्छ मजकुराखाली कुणाचे नाव असते?

आणि शरम कुणाच्या वाट्याला आली? पुढच्या काळात कोल्हाटी, महार, मांग समाजांतल्या ज्या स्त्रियांनी लावणीवर नाचून घरे चालवली, बदनामी त्यांची झाली. समोर बसून दौलतजादा करणारे मात्र सभ्यच राहिले.

ज्याने स्वतःचे नाव लपवले नाही, त्याचे नाव आपण लपवायचे? सगनभाऊ आपले म्हणायचे असतील तर लावणीसकट म्हणा. नाहीतर 'मराठी आमचीही' ही घोषणा अर्धीच राहील.