मापे आमची, वही त्यांची

चालण्या-धावण्याचा हिशेब ठेवणारी मोबाइलवरील ॲप्स आणि मनगटावरची घड्याळे गेल्या काही वर्षांत कोकणात गावोगाव पोहोचली आहेत. आखाती देशांतून सुट्टीवर येणारा मुलगा किंवा पुतण्या पूर्वी अत्तर आणि टेपरेकॉर्डर आणायचा, आता वडिलांसाठी पावले मोजणारे घड्याळ आणतो. यात वाईट काही नाही. दिवसभर गादीवर बसून धंदा करणाऱ्या आपल्या वर्गात साखरेचा आजार किती आहे हे प्रत्येक घर जाणते. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची जी पाहणी २०२३ साली प्रसिद्ध झाली, तिच्यात देशातील मधुमेहींचा आकडा १० कोटींच्या वर आहे. डॉक्टर चालायला सांगतात, किती चाललो ते घड्याळ सांगते. रेवदंड्याच्या किनाऱ्यावर पहाटे फिरणाऱ्यांत तर बऱ्याच जणांची नजर समुद्राकडे कमी आणि मनगटाकडेच जास्त असते.

तक्रार घड्याळाची नाही, त्यामागच्या व्यवहाराची आहे. कालपर्यंत जी सोय फुकट होती ती आज उघडायला गेले की पडद्यावर पाटी येते, वर्गणी भरा.

धावणारे आणि सायकलवाले यांच्यात सर्वाधिक नाव असलेले ॲप म्हणजे स्ट्राव्हा. अमेरिकेत २००९ साली ते निघाले. मांडव्याला बोटीतून उतरून अलिबाग, चौल, रेवदंडा असा फेरा मारणाऱ्या मुंबईच्या सायकलवाल्यांना विचारा, ते ओळखतात. यात रस्त्याचा एखादा तुकडा, समजा एखादा चढ, वापरणारेच ठरवतात आणि त्यावर कोण किती वेगाने गेला याची यादी तयार होते. मे २०२० मध्ये कंपनीने ठरवले की पूर्ण यादी वर्गणीदारालाच दिसेल, फुकट वापरणाऱ्याला फक्त पहिले दहा. नकाशावर मार्ग आखण्याची सोयही वर्गणीत गेली. तेव्हा दर वर्षाला सुमारे ६० डॉलर होता. आता पहा, चढ दाखवला वापरणाऱ्यांनी, घाम गाळला वापरणाऱ्यांनी, वेळा नोंदल्या त्यांच्याच. कंपनीने पाटी मांडली आणि ती भरल्यावर झाकून ठेवली.

दुसरे उदाहरण खाण्याचा हिशेब ठेवणाऱ्या मायफिटनेसपाल या ॲपचे. बिस्किटाच्या पुड्यावरील काळ्या रेघांवर मोबाइल धरला की त्यात साखर किती, चरबी किती ते समजते. साखरवाल्या माणसाला ही मोठी सोय. पदार्थांची ही माहिती बऱ्याच अंशी वापरणाऱ्यांनीच वर्षानुवर्षे भरलेली आहे. ऑक्टोबर २०२२ पासून रेघा वाचण्याची सोय फुकट राहिली नाही. आता यामागचा सौदा ऐका. अंडर आर्मर या कपड्यांच्या कंपनीने २०१५ साली हे ॲप ४७ कोटी ५० लाख डॉलरला घेतले आणि २०२० साली ३४ कोटी ५० लाखांना एका गुंतवणूकदार कंपनीला विकले. पेढी तोट्यात हात बदलते तेव्हा नवा मालक गल्ल्याकडे कोणत्या नजरेने पाहतो, हे बाजारात बसणाऱ्याला सांगावे लागत नाही.

गार्मिनची घड्याळे तर हजारो रुपये मोजून घ्यावी लागतात. त्या कंपनीनेही मार्च २०२५ मध्ये घड्याळाच्या किमतीव्यतिरिक्त दरमहा वर्गणीची योजना काढली. जुन्या सोयी फुकटच राहतील असे तिने सांगितले आहे. तरी गिऱ्हाइकांनी ओरड केली, कारण फुकटच्या घरातून एकेक खोली भाड्याने कशी जाते हे त्यांनी इतरत्र पाहिले होते.

कंपनीची बाजूही ऐकली पाहिजे. सर्व्हर चालवायला वीज लागते, नकाशांना पैसा पडतो, कारागिरांना पगार द्यावा लागतो. आम्ही अजून नफ्यात नाही, असे स्ट्राव्हाच्या संस्थापकांनी २०२० मध्ये स्वतःच सांगितले होते. फुकटचा माल खरोखर फुकट नसतो, कोणी तरी भांडवलदार गिऱ्हाईक जमवण्यासाठी तो खर्च सोसत असतो. आपणही नव्या गिऱ्हाइकाला पहिल्या खेपेला सूट देतो, साठ दिवसांची उधारी देतो, पुढे हात आखडता घेतो. त्याला कोणी लबाडी म्हणत नाही. ज्याचा माल त्याचा भाव, आणि नवा माल घडवला तर त्याचे दाम मागणे हा त्याचा हक्क आहे.

मात्र एक फरक आहे आणि तो शिंपीकाम करणाऱ्या बांधवांना चटकन समजेल. टेलर मास्टरच्या वहीत गिऱ्हाइकाची मापे लिहिलेली असतात. वही मास्टरची, पेन मास्टरचे, गळ्यातला फीतही त्याचा. उद्या त्याने शिलाई वाढवली तर गिऱ्हाईक कुरकुरेल, पण देईल किंवा दुसरीकडे जाईल. पण मास्टर म्हणाला, तुमची छाती किती आणि बाही किती हे वहीत पाहायचे असेल तर दरमहा पैसे टाका, तर? त्या दुकानाची पायरी कोणी चढेल का? ॲपमध्ये पावले आमची, नाडीचे ठोके आमचे, झोप आमची. माझ्या ओळखीच्या एका दुकानदाराला हृदयाच्या डॉक्टरांनी सहा महिन्यांची नोंद आणायला सांगितली. घड्याळ मनगटावर होते, नोंद झालेली होती, पण जुन्या महिन्यांचा तक्ता पाहायला वर्गणी मागितली गेली. कंपनीचे नाव लिहीत नाही. त्याने पैसे भरले, कारण डॉक्टरांची वेळ दुसऱ्या दिवशीची होती.

चौल-रेवदंड्याच्या माणसाला ही रीत नवी वाटू नये. येथील बंदरातून शतकानुशतके कापड बाहेर जात होते आणि समुद्रावर कोणाचे तिकीट नव्हते. सोळाव्या शतकात पोर्तुगीज आले, १५२१ मध्ये निजामशाहीच्या परवानगीने येथे पाय रोवला, आणि जहाज हाकारायचे तर आमचा परवाना घ्या असा दंडक बसवला. त्याला कार्ताझ म्हणत. परवान्याची फी फारशी नव्हती. खरा भार हा की परवाना घेणाऱ्या जहाजाला पोर्तुगीजांच्या बंदरात थांबून जकात भरावी लागे. रक्कम लहान, बांधिलकी मोठी. ॲपच्या वर्गणीतही महिन्याची रक्कम पाहून माणूस म्हणतो, काय एवढे! पण पाच वर्षांची नोंद तिथे अडकली की तो दुसऱ्या दुकानात जाऊ शकत नाही, आणि पुढच्या वर्षी भाव किती वाढवायचा ते समोरचा ठरवतो. फरक इतकाच की समुद्र पोर्तुगीजांचा नव्हता आणि ॲप कंपनीचे आहे. म्हणूनच भांडण भावाचे नसावे, नोंदीचे असावे.

इथे कायदा कमी पडतो. युरोपात मे २०१८ पासून असा हक्क आहे की माणूस आपली माहिती उचलून दुसऱ्या कंपनीकडे नेऊ शकतो. आपल्याकडे २०१९ च्या विधेयकात ही तरतूद होती. २०२३ साली जो वैयक्तिक माहिती संरक्षणाचा कायदा झाला त्यातून ती गळाली. माहिती पाहण्याचा, दुरुस्त करण्याचा, पुसून टाकण्याचा हक्क त्यात आहे, बरोबर घेऊन जाण्याचा नाही. आपली व्यापारी मंडळे जीएसटीवर निवेदने पाठवतात, या एका कलमासाठीही खासदारांना पत्र धाडायला हरकत नाही.

जे आहे ते तरी वापरावे. फसव्या मांडणीविरुद्ध केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने नोव्हेंबर २०२३ मध्ये मार्गदर्शक सूचना काढल्या. वर्गणी सुरू करणे सोपे आणि बंद करणे अवघड ठेवणे, हा प्रकार त्यांत नावानिशी आहे. तक्रारीसाठी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ हा क्रमांक. रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे खात्यातून आपोआप कापली जाणारी वर्गणी कापण्याच्या २४ तास आधी सूचना आली पाहिजे. ती सूचना बँकेच्या जाहिराती समजून पुसू नका. यूपीआय ॲपमध्ये ऑटोपे नावाचा रकाना असतो, तो उघडून कोणकोणत्या परवानग्या चालू आहेत ते पाहा. आखातातून पुतण्याने पहिल्या वर्षाची वर्गणी भरून दिली असेल तर दुसऱ्या वर्षाची कोणाच्या खात्यातून जाणार हे त्याला आजच विचारा.

नोंद बाहेर काढण्याची सोय अनेक ॲप्समध्ये आहे, फक्त ती सेटिंगच्या तळाशी ठेवलेली असते. स्ट्राव्हामध्ये फुकट वापरणाऱ्यालाही आपली सगळी नोंद एकत्र उतरवून घेता येते. घरात शिकलेल्या मुलीला किंवा मुलाला बसवून हे काम करून घ्यावे आणि फाइल स्वतःजवळ ठेवावी. हेच दुकानाच्या उधारीच्या ॲपलाही लागू आहे. त्यातले खाते आज फुकट दिसते, पण त्यात गिऱ्हाइकांची नावे आणि येणे बाकी आहे. महिनाअखेरीस ते छापून काढा आणि जुन्या लाल वहीत लावून ठेवा.