जातगणना होईल, पण आकडे वाचणार कोण?

केंद्र सरकारने ३० एप्रिल २०२५ रोजी आगामी जनगणनेत जातीची नोंद घेण्याचा निर्णय जाहीर केला. या जनगणनेची संदर्भ तारीख १ मार्च २०२७ आहे. सर्व जातींची आकडेवारी शेवटची प्रसिद्ध झाली ती १९३१ च्या जनगणनेची, इंग्रजांच्या काळातली. त्यामुळे धर्माच्या रकान्यात ‘बौद्ध’ लिहिल्यावर जातीच्या रकान्यात काय लिहायचे, यावर आपल्या वस्त्यांमध्ये आतापासून चर्चा सुरू आहे. ती व्हायलाच हवी. पण गोळा झालेले आकडे पुढे वाचणार कोण, हे आपल्या सभांमध्ये कुणी विचारत नाही.

म्हणूनच बी.ए. झालेल्या मुलामुलींचा एक प्रश्न मला महत्त्वाचा वाटतो: सर्वेक्षण आणि सांख्यिकीवर भर असलेले सामाजिक शास्त्राचे एम.ए. किंवा एम.एस्सी. करावे का? घरचे म्हणतात, त्यापेक्षा बी.एड. कर, एमपीएससीला बस. पहिल्या पिढीच्या पदवीधराच्या घरात आणखी दोन वर्षे कमाईविना काढणे सोपे नसते. घरच्यांचे चुकत नाही.

पण गेल्या काही वर्षांत काय घडले ते पाहा. मार्च २०२१ मध्ये स्थानिक स्वराज्य संस्थांमधले ओबीसी आरक्षण सर्वोच्च न्यायालयात टिकले नाही, कारण राज्याकडे त्यासाठी स्वतंत्र आयोगाने जमवलेली माहिती नव्हती. पुढे बांठिया आयोग नेमला गेला, तर आडनावांवरून जात ठरवल्याची टीका त्याच्यावर झाली. गायकवाड, जाधव, पवार ही आडनावे किती जातींत आहेत, हे आपल्याला कुणी शिकवायला नको! १ ऑगस्ट २०२४ च्या निकालाने अनुसूचित जातींच्या उपवर्गीकरणाला मुभा दिली, तीही आकडेवारीच्या आधाराची अट घालून. वर्गीकरणाच्या बाजूने असा किंवा विरोधात, आता भांडण तक्त्यांवर होणार आहे.

आणि तक्ते आपोआप खरे बोलत नाहीत. १९३१ मध्ये ४,१४७ जाती नोंदल्या गेल्या होत्या. २०११ च्या सामाजिक-आर्थिक व जात गणनेत ४६ लाखांहून अधिक नावे आली, असे केंद्रानेच सर्वोच्च न्यायालयाला सांगितले. जात, पोटजात, आडनाव, स्पेलिंगच्या चुका, सगळे एकत्र झाले. ही नावे कुठल्या गटात घालायची हे ठरवणाऱ्या टेबलावर आपले माणूस नसेल, तर ‘महार’, ‘बौद्ध’ आणि ‘नवबौद्ध’ अशा तीन नोंदींत एकच समाज विखुरला जाऊ शकतो. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात ६५ लाखांहून अधिक बौद्ध होते. एवढ्या मोठ्या समाजाच्या बाबतीत हा धोका किरकोळ नाही.

बाबासाहेबांनी १९१८ मध्ये भारतातील लहान शेतजमिनींवर निबंध लिहिला. त्यात शेतीचे दुखणे त्यांनी आकडेवारीच्या आधाराने तपासले. त्यांची ही बाजू आपण जयंतीच्या भाषणांत फारशी सांगत नाही.

तरीही सरसकट ‘हो, करा’ असे मी म्हणणार नाही. माझे स्वतःचे एम.ए. समाजशास्त्राचे आहे. ‘संशोधन पद्धती’चा एक पेपर घोकून सर्वेक्षण करता येत नाही, हे वस्तीत काम करताना पहिल्या महिन्यातच कळते. अभ्यासक्रमात नमुना निवड, प्रश्नावली तयार करणे आणि कच्च्या माहितीवर प्रत्यक्ष संगणकावर काम असेल तरच दोन वर्षे द्यावीत. देवनारची आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्था राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण राबवते. अशा ठिकाणी प्रवेश मिळत असेल तर सोडू नये. जिथे फी भरमसाठ आणि संगणकावर काम नावापुरते, तिथे कर्ज काढून जाऊ नये.

नोकऱ्या आहेत, पण बहुतेक कंत्राटी. प्रकल्प संपला की पगार संपतो. घरी हे आधीच सांगून ठेवावे. आणि अर्ज करण्यापूर्वी एक चाचणी करून पाहावी. ‘आर’ ही संगणक प्रणाली फुकट आहे, श्रमशक्ती सर्वेक्षणाची कच्ची माहितीही सांख्यिकी मंत्रालयाच्या संकेतस्थळावर फुकट मिळते. आपल्या राज्यातल्या अनुसूचित जातींच्या स्त्रियांपैकी किती जणींना नियमित पगाराचे काम आहे, एवढे एक उत्तर त्यातून काढायचे. महिनाभर हे करताना कंटाळा आला, तर एमपीएससीचा अर्ज भरायला मोकळे.