फिरत्या घरांतील दुर्गंधी

प्रस्तुत लेखाचा मथळा वाचून आमच्या कांहीं वाचकांच्या, विशेषतः भोजनोत्तर मासिक चाळण्याची संवय असलेल्यांच्या, कपाळास आठी पडेल हें आम्ही जाणून आहों. परंतु जी गोष्ट प्रत्येक घरांत आहे, जिच्यावांचून एक दिवसही निभत नाहीं आणि जिच्याविषयीं चारचौघांत कोणी बोलत नाहीं, तिच्याविषयीं एखाद्या निवृत्त मास्तरानें बोलावें हेंच बरें. त्याला आतां लाजण्यासारखें फारसें उरलेलें नसतें.

आमच्या वाचककुटुंबांपैकीं पुष्कळांचीं मुलें अमेरिकेंत स्थायिक झालीं आहेत व आईबाप उन्हाळ्यांत तिकडे जाऊन येतात. आम्हीही सन २०२३ च्या जुलै महिन्यांत मुलाकडे होतों. त्यानें एक 'मोटारहोम' भाड्यानें घेतलें व यलोस्टोन येथील राष्ट्रीय उद्यान दाखविण्यास आम्हां सहा जणांस घेऊन निघाला: तो, सूनबाई, दोन नातू, आमचें कुटुंब आणि आम्ही. मोटारहोम म्हणजे बसएवढी मोटार. आंत बिछाने, चूल, न्हाणी आणि शौचकूप. उद्यानाच्या पश्चिमद्वाराशीं वेस्ट यलोस्टोन नांवाचें गांव आहे. तेथें एका तळावर गाडी चार दिवस उभी करून नळ, वीज व गटार यांस जोडली आणि फिरण्यासाठीं लहान मोटार घेतली.

तिसऱ्या दिवशीं दुपारीं आम्ही उद्यानांतील 'मड व्होल्केनो', म्हणजे उकळत्या चिखलाचीं कुंडें, पाहून परतलों. तेथें सडक्या अंड्यासारखा दर्प सुटलेला असतो. तो हायड्रोजन सल्फाइड वायूचा. गाडीचें दार उघडतांच तोच दर्प नाकास झोंबला. कपड्यांस चिकटून आला असेल अशी आम्हीं समजूत काढली. तेवढ्यांत धाकटा नातू म्हणाला, "आजोबा, कपडे तर बाहेर वाळत घातले. मग वास आंत कसा?" मुलाच्या प्रश्नांत आमच्या उत्तराहून अधिक तर्कशास्त्र होतें.

मग उपाय सुरू झाले. सूनबाईंनीं सुगंधी फवारा मारला. आमच्या कुटुंबानें उदबत्ती लावली. तिच्या धुरानें छपराची धोक्याची घंटा वाजूं लागली व शेजारच्या गाडीवाले बाहेर आले. आम्हीं स्वतः भाड्यानें गाडी देणाऱ्यास दोष दिला, आणि तेवढ्यानें भागेना म्हणून, कागद फार वापरला जातो, असें सूनबाईंच्या कानीं जाईल इतक्या आवाजांत बोललों. धुरावरून अग्नीचें अनुमान करावें हा तर्कशास्त्राचा पहिला पाठ आम्हीं जन्मभर शिकविला. पण धूर झांकला म्हणजे अग्नि विझला असें मानण्याची चूक त्या दिवशीं आम्ही सर्वच करीत होतों.

आतां या घराची रचना सांगितली पाहिजे. गाडीच्या पोटाशीं दोन निराळ्या टांक्या असतात. न्हाणीचें व भांडीं धुतल्याचें पाणी जातें ती 'करडी' टांकी, आणि शौचकुपाची ती 'काळी'. आमची काळी टांकी ३० गॅलनांची, म्हणजे सुमारें ११४ लिटरांची होती. आपल्या घरच्या शौचकुपाखालीं नळ वांकडा असतो व त्या वांकणांत सदैव पाणी उभें असतें. खालच्या वायूस अडविणारा पहारेकरी तोच. अलेक्झांडर कमिंग या घड्याळजीनें या वांकणाचें पेटंट सन १७७५ मध्यें घेतलें. तीन वर्षांनीं, सन १७७८ मध्यें, जोसेफ ब्रामा यानें भांड्याच्या तळाशीं बिजागरीची झडप बसविण्याची रीत काढली. घरांतून ती झडप कधींच गेली. फिरत्या घरांत मात्र भांड्याखालीं वांकणास जागा नसल्यामुळें तिच्याच जातीची झडप आजही आहे. पायाची पट्टी दाबली कीं ती उघडते. तिच्या कडेस रबराचें कडें असतें आणि वर दोन बोटें पाणी राहतें. टांकींतील वायु जाण्यासाठीं एक नळी थेट छपरावर काढलेली असते.

यावरून वास कोठून येईल हें क्रमानें पाहतां येतें. पहिली परीक्षा भांड्यांतील पाण्याची. तें तासाभरांत उतरलें तर रबराचें कडें मळलें किंवा झिजलें आहे असें समजावें. ओल्या मऊ फडक्यानें कडें व त्याची खांच पुसावी आणि सिलिकोनचें वंगण हलकेंच लावावें. व्हॅसलिन लावूं नये, त्यानें रबर फुगतें. कडें फाटलें असेल तर नवें बसविण्यावांचून गत्यंतर नाहीं. दुसरी परीक्षा छपरावरच्या पंख्याची. पंखा आंतील हवा बाहेर ओढीत असतांना पट्टी दाबली कीं हवेची तूट भरून काढण्यास टांकींतील वायु वर येतो. म्हणून पंखा आधीं बंद करावा. तिसरी न्हाणीच्या मोरीची: तिच्या नळास वांकण असतें, पण कित्येक दिवस न वापरल्यास पाणी सुकतें, तांब्याभर पाणी ओतलें कीं काम झालें. चौथी छपरावरच्या नळीची. तींत पालापाचोळा किंवा घरटें अडकतें.

या चारही परीक्षांत गाडी उत्तीर्ण झाली. राहिली ती पांचवी. गटाराच्या नळीपाशीं काळ्या टांकीची मूठ असते. ती ओढलेली, म्हणजे उघडी, सांपडली. मुलगा आमच्याकडे पाहूं लागला. पहिल्या संध्याकाळीं, वाहतें तें निर्मळ, या समजुतीनें ती आम्हींच ओढून ठेविली होती! मूठ उघडी राहिली म्हणजे पाणी तेवढें वाहून जातें आणि घन भाग मागें राहून टांकींत ढीग होतो. त्यांत आम्हीं जन्माची काटकसर आणिली. माण तालुक्यांतील शाळेंत नोकरी झाली. तेथें उन्हाळ्यांत घागरीस मोल असे. म्हणून येथेंही वाटीभर पाण्यांत काम भागविण्याचा उपदेश आम्हीं नातवांस केला होता व त्या गुणी मुलांनीं तो पाळला होता. कागदाचा दोष नव्हता, गाडी देणाऱ्याचा नव्हता आणि सूनबाईंचा तर मुळींच नव्हता.

उपाय सोपा होता, पण ओंगळ होता. मूठ बंद करून टांकी पाण्यानें जवळजवळ भरावी, रात्रभर भिजूं द्यावी व मग रिकामी करावी. ढीग फुटेपर्यंत असें दोनतीनदां करावें. गाडी थोडी चालविली तर हिंदकळ्यानें काम लौकर होतें. फॉर्माल्डिहाइडची औषधें ओतूं नयेत. तीं मळ कुजविणाऱ्या उपयुक्त जंतूंस मारतात. आणखी एक गोष्ट जीविताची आहे. हा वायु विषारी व हवेहून जड असून तो अधिक झाला म्हणजे नाकाची संवेदनाच मारतो. वास येईनासा झाला म्हणजे धोका टळला, असें मुळींच नाहीं. टांकीच्या तोंडाशीं वांकून पाहण्याचा मोह कोणीही धरूं नये.

पहांटे जाग आली तेव्हां मुलगा अंथरुणांत नव्हता. बाहेर गेलों. थंडींत गुडघे टेंकून, रबरी हातमोजे घालून, तो एकटा नळी धरून बसला होता. आम्हांस पाहून म्हणाला, "अण्णा, तुम्ही आंत जा. हें तुमचें काम नव्हे."

तें वाक्य ऐकतांच आम्हांस सातारा जिल्ह्यांतील आमच्या वाड्याचा मागला बोळ आठवला. सन १९६० नंतरच्या त्या दशकांत तेथें टोपल्यांचे संडास होते. रोज पहांटे एक बाई येई, डोक्यावरून तें घेऊन जाई. ती आली कीं आम्हां मुलांस आंत बोलावीत. तिचें नांव आम्हीं कधीं विचारलें नाहीं. पुढें शिक्षक झाल्यावर अप्पासाहेब पटवर्धनांनीं रत्नागिरीच्या तुरुंगांत सफाईचें काम मागितलें, तें मिळेना म्हणून सन १९३२ मध्यें उपवास केला, ही गोष्ट आम्हीं प्रत्येक वर्गास गहिंवरून सांगितली. असल्या संडासांस बंदी करणारा कायदा सन १९९३ मध्यें झाला, सन २०१३ मध्यें त्याहून कडक झाला. तरी गटारांत उतरून गुदमरणाऱ्यांच्या वार्ता अद्याप वाचाव्या लागतात. आणि हें सर्व शिकविणाऱ्या मास्तरानें पासष्ट वर्षांत स्वतःच्या घराची घाण एकदांही हातीं धरली नव्हती.

"मग तुझें तरी कोणत्या सनदेनें?" असें म्हणून आम्हीं हातमोज्यांची दुसरी जोडी मागितली. त्यानें क्षणभर पाहिलें आणि दिली. नळीचा जोड घट्ट धरावयाचा, आधीं काळी टांकी सोडावयाची व मागून करडी, म्हणजे साबणाच्या पाण्यानें नळी धुतली जाते; पिण्याच्या पाण्याची नळी येथें कधीं आणावयाची नाहीं; शेवटीं मूठ बंद करून टांकींत थोडें पाणी ठेवावयाचें. हे पाठ तो देत होता व आम्ही गिरवीत होतों. तिसऱ्या खेपेस पाणी स्वच्छ आलें. न्याहारीच्या वेळीं आम्हीं सूनबाईंची क्षमा मागितली. त्यांनीं चहाचा पेला पुढें करीत एवढेंच म्हटलें, "हात धुतलेत ना, अण्णा?"

वाचकहो, फिरतें घर तुमच्या वाट्यास येईल न येईल. पण महिनाभर गांवीं राहून परतल्यावर पुण्या-मुंबईच्या बंद घरांतही असाच दर्प येतो. तेव्हां उदबत्ती लावण्यापूर्वीं नहाणी ट्रॅपमध्यें तांब्याभर पाणी ओतून पाहा. तेवढ्यानें न भागल्यास जाळी स्वतः उचला, हातमोजे घालून स्वतः साफ करा, आणि नातवंडांस जवळ उभें करा. त्यांस आंत बोलावूं नका.