सैल हाताचा ताल



हुबळीच्या विद्यानगरात महाविद्यालयांची दाटी आहे, आणि जेथे तरुण मुले राहतात तेथे वाद्येही येतातच. अलीकडे तेथील एका मातेने आम्हांस एक प्रश्न विचारला. त्यांचा मुलगा जॅझ संगीतातील ड्रम शिकतो. त्या म्हणाल्या, "फादर, तो घरी आला की मनगट चोळत बसतो. त्याचे सर त्याला रोज एकच सांगतात, 'अंग सैल सोड.' आता एवढे दणदणीत वाद्य अंग सैल सोडून कसे वाजवायचे? हा सल्ला म्हणायचा की थट्टा?"

प्रश्न रास्त आहे. आपण कष्टकरी माणसे. घाम, आवळलेली मूठ आणि ताणलेली शीर दिसली म्हणजेच काम झाले, असे आपण मानतो. ड्रमसारखे वाद्य तर बळानेच वाजायचे, ही आपली समजूत अधिकच पक्की. परंतु या वाद्याची खरी गोष्ट नेमकी उलट आहे, आणि ती उमजली नाही तर मुलाच्या हाताचे नुकसान होते. म्हणून या आठवड्यात या विषयाकडे वाचकांचे लक्ष वेधण्याचे आम्ही योजिले आहे.

जॅझ हे संगीत विसाव्या शतकाच्या आरंभी अमेरिकेतील न्यू ऑर्लिन्स शहरी तेथील कृष्णवर्णीय समाजाने घडविले. ते आपल्याला अगदी परके आहे असे मात्र नाही. १९३५ साली लिऑन अ‍ॅबी यांचा कृष्णवर्णीय वादकांचा ताफा मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात वाजवू लागला. त्या काळात या संगीताकडे वळलेल्या आपल्या वादकांत गोव्याचे पुष्कळ तरुण होते. गोव्यातील चर्चच्या शाळांत मेस्त्रांच्या हाताखाली त्यांनी स्वरलिपी वाचण्याचे आणि व्हायोलिन वाजविण्याचे शिक्षण घेतले होते. आल्दोना गावचे आंतोनियो शावियर वाझ हे त्यांपैकीच एक. ट्रम्पेटवादक म्हणून ते 'चिक चॉकलेट' या नावाने गाजले. चर्चच्या गायनशाळेतून निघालेली ही वाट मुंबईच्या नृत्यगृहांपर्यंत आणि पुढे हिंदी चित्रपटांच्या वाद्यवृंदांपर्यंत गेली. तेव्हा विद्यानगरातील एखादा मुलगा आज जॅझच्या ड्रमपुढे बसला, तर तो काही वेगळ्याच मुलुखात गेला असे आईबापांनी समजू नये.

आता या वादकाचे काम पाहू. त्याचे दोन्ही हात आणि दोन्ही पाय एकाच वेळी चार वेगळी कामे करीत असतात. उजवा हात मोठ्या झांजेवर चाल धरतो, डावा हात स्नेअर ड्रमवर मधूनमधून बोलतो, डावा पाय जोडझांज मिटतो आणि उजवा पाय मोठ्या ढोलाला हलकेच स्पर्श करीत राहतो. संथ गीत मिनिटाला साठ मात्रांच्या आसपास चालते, पण जलद गतीत तीनशे मात्राही होतात. चार मात्रांच्या एका आवर्तनात झांजेवर सहा आघात पडतात. म्हणजे तीनशेच्या गतीला एकट्या उजव्या हाताचे मिनिटाला ४५० आघात झाले. अशी एकच रचना दहा मिनिटे चालली, तर आघातांची संख्या ४,५०० होते. काठीचे वजन अवघे पन्नास ग्रॅमच्या आसपास असते हे खरे, पण प्रत्येक आघात बळ लावून मारायचा म्हटले, तर पैलवानाचा हातही दहा मिनिटांत दगड होईल.

मग वादक हे कसे साधतो? उत्तर आपल्या गावातच आहे. लोहाराकडे पाहा. घण ऐरणीवर पडला की आपोआप वर उसळतो. जाणता लोहार ती उसळी वाया जाऊ देत नाही, नवशिका मात्र घण ऐरणीवर दाबून धरतो आणि मग पुन्हा उचलण्यासाठी दुप्पट कष्ट करतो. उखळात कांडणाऱ्या बायका मुसळ वर नेत, पण खाली ते आपल्याच वजनाने येई. देवळाची घंटा वाजविणारा सेवेकरीही दोरीला लोंबकळत नाही. घंटेचा झोका परत येऊ लागला की तो नेमक्या क्षणी थोडी ओढ देतो आणि दोरी पुन्हा सोडतो. ताशेवाल्याच्या बारीक काड्यांचेही असेच असते. ड्रमच्या ताणलेल्या कातड्यावर काठी पडली की तीही उसळते. वादकाने तिला वर येऊ द्यावयाचे असते, उचलावयाचे नसते. त्यासाठी अंगठा आणि तर्जनी यांच्यामध्ये काठीचा टेकू असावा, आणि बाकीची बोटे तिच्याभोवती नुसती असावीत. पाखरू उडून जाऊ नये, पण गुदमरूही नये, इतकीच ती पकड.

याला शरीरशास्त्राचाही आधार आहे. मनगट खाली वळविणारे स्नायू एका बाजूला आणि वर उचलणारे दुसऱ्या बाजूला असतात. एक काम करीत असताना दुसऱ्याने विसावा घ्यावा, अशी निसर्गाची योजना आहे. परंतु मनुष्य घाबरला किंवा हट्टाला पेटला की दोन्ही बाजूंचे स्नायू एकदम आवळले जातात. एकाच गाडीला दोन बैल उलट दिशांना जुंपावे, तसे हे होते. बैल घामाघूम होतात, गाडी मात्र हलत नाही. २००९ साली शिन्या फुजी आणि त्यांच्या जपानी सहकाऱ्यांनी याच विषयावर एक अभ्यास प्रसिद्ध केला. सर्वांत वेगवान ड्रमवादक ठरविण्याच्या एका स्पर्धेतील विजेता, काही सामान्य ड्रमवादक आणि ड्रम न वाजविणारी माणसे यांच्या मनगटाच्या स्नायूंची त्यांनी तपासणी केली. तो विजेता एका हाताने सेकंदाला सुमारे दहा आघात करीत होता. असे असूनही त्याचे दोन बाजूंचे स्नायू एकाच वेळी आवळले जाण्याचे प्रमाण कमी आढळले. म्हणजे त्याचा वेग अधिक बळातून आला नव्हता. एका स्नायूने दुसऱ्याची वाट न अडविल्यामुळे तो आला होता.

जुन्या जाणत्यांना हे यंत्रांवाचूनच कळले होते. अमेरिकेतील सॅनफर्ड मोएलर यांनी लष्करातील वृद्ध नगारेवाल्यांच्या हातांचे निरीक्षण केले. मैलोगणती चालत नगारा वाजविणाऱ्या त्या माणसांचा हात चाबकासारखा लवतो, बाहू पुढे जातो आणि मनगट मागून सैलपणे येते, हे त्यांनी पाहिले, आणि १९२५ साली आपल्या पुस्तकात ती पद्धत मांडली. बॉस्टन शहरी जॉर्ज लॉरेन्स स्टोन या शिक्षकांनी १९३५ साली हातांच्या सरावाचे पुस्तक काढले. जगभरचे ड्रमवादक ते आजही वापरतात. त्यांचे शिष्य जो मोरेलो यांची दृष्टी लहानपणापासून अधू होती. या शिष्याने गुरूच्या पाठांत आपल्या कल्पनेने जोरकस आघात मिसळून ते वाजविले. गुरूंना ते इतके आवडले की त्यातून १९६१ साली त्यांचे दुसरे पुस्तक निघाले. त्या पुस्तकाच्या नावातच जोर आणि उसळी हे दोन शब्द शेजारी बसले आहेत.

हे मोरेलो १९५८ साली डेव्ह ब्रुबेक यांच्या ताफ्याबरोबर भारतात आले होते. मद्रासेस त्यांची गाठ मृदंगमचे थोर वादक पळनी सुब्रमण्य पिळ्ळै यांच्याशी पडली, आणि दोघांनी एकत्र वाजविले. एक काठीने वाजविणारा, दुसरा उघड्या बोटांनी. भाषा वेगळी आणि तालाचे शास्त्रही वेगळे. तरीही त्यांची मैफल जुळली. काठीने वाजवा की बोटाने, आवळलेल्या हातातून मोकळा नाद निघत नाही, एवढे तरी दोन्ही परंपरांना सारखेच ठाऊक आहे.

आमच्या भागाला अभिमान वाटावा असे एक उदाहरण आणखी जवळचे आहे. ठुमरीच्या विख्यात गायिका शोभा गुर्टू यांचा जन्म १९२५ साली बेळगावचा. हुबळीहून बेळगाव रस्त्याने सुमारे शंभर किलोमीटर. त्यांचे पुत्र त्रिलोक गुर्टू १९५१ साली मुंबईस जन्मले, लहानपणी तबला शिकले आणि पुढे जॅझमधील तालवादक म्हणून युरोप-अमेरिकेत नावाजले. १९८८ साली निघालेल्या 'उस्फ्रेत' या त्यांच्या ध्वनिमुद्रिकेत मातेचे गायनही आहे. त्रिलोक गुर्टू ड्रम वाजविण्यासाठी उंच बैठकीवर बसत नाहीत. जमिनीवर अर्धवट गुडघे टेकून, तबला आणि पाश्चात्य ड्रम यांची आपल्या सोयीने मांडणी करून ते वाजवितात. कोणा नवशिक्याने हे पाहून उद्यापासून जमिनीवर बसावे, असे आम्ही सुचवीत नाही. तबल्याच्या बैठकीत वाढलेल्या माणसाने आपले शरीर वाद्यापुढे वाकविले नाही, वाद्यच शरीराच्या सोयीने मांडले. त्यातील ही दृष्टी तेवढी घेण्याजोगी आहे.

आता त्या मातेच्या मुलाकडे वळू. आम्ही एके दिवशी त्यास वाजविताना पाहिले. गत अवघड झाली की त्याचे खांदे कानांपर्यंत चढत, दात आवळले जात, आणि श्वास तर तो घेतच नव्हता. हात दुखत असल्याचे त्याने बरेच दिवस घरी सांगितले नव्हते, कारण वडिलांनी पोटाला चिमटा घेऊन ड्रमसेट आणून दिला होता. दुखते म्हटले तर तो विकून टाकतील, ही त्याला धास्ती. लग्नसराईत एका बँडबरोबर चार-चार तास वाजवून तो दोन पैसे घरी आणीत होता, तेही थांबतील ही दुसरी धास्ती. वाचकहो, मनगटातील ताण बहुधा असा मनातून खाली उतरतो. तो मुलगा दुबळा नव्हता. तो भ्यालेला होता.

त्याच्या शिक्षकांनी त्यास सांगितलेल्या गोष्टी इतर मुलांच्याही उपयोगाच्या आहेत, म्हणून येथे देतो. बैठक इतकी उंच असावी की मांड्या गुडघ्यांकडे किंचित उतरत्या राहतील. पाठ सरळ असावी, पण ताठरलेली नसावी. कोपरे अंगालगत नुसती लोंबू द्यावीत. वाद्ये हाताच्या टप्प्यात ओढून घ्यावीत, म्हणजे प्रत्येक वेळी खांदा पुढे न्यावा लागत नाही. सराव साठ मात्रांच्या गतीने सुरू करावा, आणि प्रत्येक पाठात तीन गोष्टी स्वतःस विचाराव्यात: खांदे खाली आहेत ना? जबडा सैल आहे ना? श्वास चालू आहे ना? गती चार-चार मात्रांनीच वाढवावी. अंग आवळू लागले की तेथे नेट लावू नये, गती पुन्हा उतरवावी. आवाज हवा असेल तेव्हा काठी अधिक उंचावरून पडू द्यावी, मूठ आवळू नये. जॅझमध्ये मोठा ढोल पुष्कळदा ऐकू येण्यापेक्षा जाणवावा इतक्याच हलक्या हाताने वाजवितात. त्यासाठी टाच पेडलवर टेकलेली ठेवून घोट्यातून पाय हलवावा. आणि कानांत आवाज रोखणारे बोळे अवश्य घालावेत. झांजेचा कर्कश नाद कानाला तर अपाय करतोच, पण त्याने अंगही नकळत आखडते.

येथे एक इशारा देणे आमचे कर्तव्य आहे. थकवा वेगळा आणि दुखणे वेगळे. थकवा रात्रीच्या झोपेने जातो. परंतु अंगठा, तर्जनी आणि मधले बोट यांत मुंग्या येणे, रात्री हात बधिर होऊन जाग येणे, वस्तू हातातून निसटणे, ही मनगटातील मज्जातंतू दाबला जात असल्याची लक्षणे असू शकतात. अशा वेळी तेल चोळून पुन्हा वाजवावयास बसू नये, डॉक्टरांस दाखवावे. वेळीच विश्रांती मिळाली तर पुष्कळांचा हात बरा होतो; महिनोन्महिने लपविले तर हानी कायमची होऊ शकते. आणि तो हात केवळ ड्रमसाठी नाही. त्याच हाताने त्यास उद्या लेखणी, पाना किंवा नांगर धरावयाचा आहे. आमच्या या मुलास डॉक्टरांनी काही आठवडे काठी हाती धरण्यास मनाई केली. तेवढे दिवस त्याने मांडीवर तळहाताने हलके ठेके मोजून काढले. आता तो पुन्हा शिकतो आहे, अगदी पहिल्या पाठापासून.

शेवटी दोन शब्द आईबापांस. सैलपणा म्हणजे आळस नव्हे. जेथे जेवढे बळ लागते तेथे तेवढेच लावणे, आणि आघात झाला की लगेच सोडून देणे, ही फार मोठी शिस्त आहे. ती घाईने येत नाही. मुलाच्या खोलीतून तासभर एकच संथ टकटक ऐकू आली, तर "एवढे पैसे भरले आणि अजून हेच?" असे विचारू नका. त्या प्रश्नाने त्याचे खांदे पुन्हा वर चढतील. पाहुण्यांपुढे जलद वाजवून दाखविण्याचा आग्रहही धरू नका. त्यापेक्षा संध्याकाळी त्यास जवळ बसवून हात दुखतो का एवढे विचारा, आणि दुखतो असे तो म्हणाला तर रागावू नका. दुखणे सांगण्याचे भय ज्या घरात नाही, त्या घरातील मुलाचे निम्मे ओझे वाद्यापुढे बसण्यापूर्वीच उतरलेले असते.