पैसे गेले, पण कुठे?

२०१६ साली यूपीआय आले आणि पैसे पाठवण्यासाठी खाते क्रमांक व आयएफएससी संकेतांक जुळवत बसण्याची कटकट संपली. भाजीवाल्यापुढचा क्यूआर कोड टिपावा, रक्कम लिहावी, पिन द्यावा, झाले काम. दोन बँकांमधील देवाणघेवाण वापरणाऱ्याला दिसतही नाही. सॉफ्टवेअर सुखद वाटते ते अशाने.

या सुखाची परीक्षा मात्र व्यवहार अडकतो तेव्हा होते. खात्यातून रक्कम वजा झालेली, दुकानदाराला पोहोचलेली नाही, मागे रांग ताटकळलेली आणि पडद्यावर एकच शब्द : ‘प्रलंबित’. पुन्हा पैसे द्यावेत की थांबावे? रिझर्व्ह बँकेच्या २०१९ च्या परिपत्रकानुसार दुकानदाराला न पोहोचलेली अशी रक्कम व्यवहारानंतर पाच दिवसांच्या आत आपोआप परत यायला हवी; त्यापुढे उशीर झाल्यास दिवसाला १०० रुपये भरपाई. एवढे एक वाक्य नेमक्या त्या क्षणी, ग्राहकाच्या भाषेत, तारखेसह का उमटू नये? बक्षिसांची रंगीत कार्डे तर न मागता उमटतात!

दुकानदारांना साउंडबॉक्सने तारले. हात पिठात असोत की समोर गर्दी असो, रक्कम कानावर पडते. अक्षरओळख नसली तरी अडत नाही. ग्राहकाच्या वाट्याला मात्र हिरवी खूण. पडदा वाचून दाखवणाऱ्या प्रणालीसाठी त्या खुणेमागे शब्द लिहून ठेवलेले नसतील, तर दृष्टिहीन ग्राहकालाही आधार उरतो तो दुकानदाराच्या त्या पेटीचाच.